सुलक्षणा गळा

मंगळवारी रात्री आठ पस्तीसला सुलक्षणा गेली.
बुधवारी दुकानाचं शटर वर केलं
तर पायरीवर शिवकांता, मांडीवर रिकामी पिशवी,
डोळे सुजलेले.
म्हणाली, ताई, माझा तो ब्लाऊज शिवू नका.
निदान आज तरी कात्री लावू नका.

मी लेडीज टेलर. उदगीर, चौबाऱ्याच्या मागं.
अकरा वर्षं हा गळा शिवतेय:
पाठीला खोल, मडक्याच्या काठासारखा,
दोन नाड्या, नाड्यांना मोत्यांची लटकनं.
पाटीवर दर लिहिलाय:
साधा दीडशे, सुलक्षणा दोनशे वीस.
पहिला भाग लागला तेव्हा माझं मशीन पायाचं होतं.
ती एकाच नवऱ्याशी तीनदा लग्न करून,
एकदा आठवण हरवून, एकदा जेलातून सुटून आली
तोवर मी मोटर बसवली, पिको-फॉल सुरू केलं.
मधे तेरा दिवस दुकान बंद राहिलं,
ते आमच्या ह्यांचं.

जावेनं केशराच्या दुधातून दिलं तिला.
शिवकांताच्या सासूनं त्या रात्री दूधच घेतलं नाही,
पेला सकाळपर्यंत ओट्यावर, वर जाड साय.
नसीमबी काज-बटनाला येते माझ्याकडं.
दोरा ओवता ओवता म्हणाली,
मेरेकू पैलेच दिन से उस जेठानी पे शक था.
हँसती तो है, दाँताँ नै दिखते.
मग सुई थांबली. बच्ची का क्या होंगा अब?
सुलक्षणाची मुलगी सहा वर्षांची.
गेली चार वर्षं सहाच वर्षांची आहे.

समोरच्या हॉटेलातून बळीराम ओरडला,
पगार वाढवून मागितला असंल, म्हणून मारली!
एवढं काय रडलालाव?
त्या दिवशी त्याला कुणी चहा सांगितला नाही.

देगलूर गाडीचा कंडक्टर अंगद
बायकोचा ब्लाऊज न्यायला आला.
पैसे मोजले, परत मोजले.
काल माझी ड्युटी होती, म्हणाला.
खरंच गेली का हो? का नुसती बेशुद्ध?
तोंड दाखवलं, शिवकांता म्हणाली. नाकातला कापूससुद्धा.
अंगद म्हणाला, बरं.
आणि ब्लाऊज काउंटरवर तसाच विसरून गेला.

ताई, तुम्ही नाही रडलात?
आमच्याकडं लाईट गेल्ती, मी म्हणाले.
गेली नव्हती.
मी जेवत होते. घास तोंडात तसाच राहिला
आणि खांदे हलायला लागले आपोआप, आवाज न होता.
आमच्या ह्यांना नेलं त्या दिवशी
मी पाहुण्यांचा चहा मोजत होते. सत्तेचाळीस कप.
दोन कमी पडले होते, ते अजून ध्यानात आहे.

शनिवारी हंडरगुळीकडून दैवशाला आली.
लग्न नऊ दिवसांवर.
त्यांच्याकडं मंगळवारपासून अंधार, डीपी जळालेली,
मोबाईल घरात एकच, तो भावाच्या खिशात.
पिशवीतून मोरपंखी ब्रोकेड काढलं, माझ्यापुढं पसरलं.
ताई, सुलक्षणा गळा. लटकनं मोठी लावा.
आणि पुढं काय झालं हो?
दूध प्याली का ती?

नसीमबीनं दोरा दातानं तोडला.
शिवकांता आपलं न कापलेलं कापड न्यायला आलेली,
ती पंख्याकडं बघत राहिली.
माझ्या तोंडात टाचण्या होत्या, बरं झालं.
हात वर कर, एवढं खुणेनं सांगितलं.
टेप फिरवला. छाती बत्तीस, कंबर सव्वीस.
नव्या घरी पोरी भरतात, नाहीतर वाळतात.
वहीत लिहिलं: दोन्हीकडं माया,
नेहमीपेक्षा बोटभर जास्त.

नै पी अब्बी, नसीमबीच बोलली शेवटी.
प्याला हातमेंच है उसके.

दैवशाला म्हणाली, मग सोमवारी कळंल.
लाईट येणाराय सोमवारी.